नवी भाषा, जुनी नोंदवही

संगणकाची एक भाषा ज्याला येते त्याला दुसरी सहज येते, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. वाक्याच्या शेवटी अर्धविराम द्यावयाचा की नाही, महिरपी कंस कोठे उघडावयाचा आणि कोठे मिटवावयाचा, तीच कृती पुनःपुन्हा करावयाची असेल तर ती कशी सांगावयाची, एवढे आठवडाभरात हाताखालून जाते. अडते ते पुढे. 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड' म्हणविणाऱ्या भाषा माणसाला लिहावयास शिकविण्याआधी पाहावयास शिकवू बघतात, आणि ज्याचे डोळे तीस वर्षे दुसऱ्या रीतीने पाहण्यास सरावले आहेत त्याला तेथे नवशिक्याहून अधिक वेळ लागतो. गेले वर्षभर आम्ही जावा ही भाषा शिकत आहोत. त्या अनुभवाचे चार शब्द वाचकांपुढे ठेवीत आहोत. संगणकाशी ज्यांचा संबंध नाही त्यांनीही कंटाळू नये, कारण गोष्ट आपल्याच स्नानसंस्काराच्या नोंदवहीची आहे.

धर्मगुरूने प्रोग्रॅम लिहावेत याचे कोणाला नवल वाटेल. १९९०च्या दशकाच्या आरंभी, सेमिनरीत असताना, आम्ही सुटीत मुंबईच्या एका शिकवणीवर्गात डीबेस आणि पुढे फॉक्सप्रो शिकलो. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे 'लेट अस सी' हे पुस्तक संगणक शिकणाऱ्या कित्येकांच्या पिशवीत असे. ते आम्हीही झिजविले. पुढे जेथे जेथे नेमणूक झाली तेथे वसतिगृहाच्या धान्याचा हिशेब, शाळेची फी, पतपेढीचे हप्ते आणि धर्मग्रामाच्या नोंदवह्या हे सारे संगणकावर आणण्याचे काम आपोआपच आमच्याकडे येत गेले. डॉट मॅट्रिक्स छपाईयंत्राच्या करकरीत आमच्या अनेक रात्री गेल्या आहेत. सन २००० जवळ आले तेव्हा दोन अंकी सालाच्या धास्तीने सारे जग हैराण झाले होते. फॉक्सप्रोच्या फायलीत तारखेचे साल चार अंकांत साठविलेले असे, म्हणून आमच्या नोंदवह्यांना त्याची झळ लागली नाही.

परंतु फॉक्सप्रोचे आयुष्य संपत आले होते. यापुढे नवी आवृत्ती निघणार नाही असे मायक्रोसॉफ्टने २००७ साली जाहीर केले आणि जानेवारी २०१५मध्ये उरलेसुरले साहाय्यही बंद केले. १९९५ साली आलेल्या व्हिज्युअल फॉक्सप्रोत क्लास आणि ऑब्जेक्ट होतेच. पण डॉसवरचे काम सुरळीत चालले असताना तिकडे वळण्याचे कारण पडले नव्हते. कारण पडले ते जुना संगणक निवर्तला तेव्हा. नव्या यंत्रावरील ६४ बिटांची विंडोज डॉसचे जुने प्रोग्रॅम चालवीत नाही. जुन्या डॉसची नक्कल करणारे प्रोग्रॅम मिळतात, ते वापरा, असे स्नेह्यांनी सुचविले. त्याने काम भागतेही. पण धर्मगुरूची बदली ठरलेली असते. जो प्रोग्रॅम एकाच माणसाला कळतो तो त्याच्या ट्रंकेबरोबर दुसऱ्या गावी जातो आणि मागे उरतात त्या कोणालाही न उघडणाऱ्या फायली. आमच्यानंतर जो येईल त्याच्यासाठी, आणि येथील मुलांपैकी कोणाला तरी दुरुस्त करता येईल अशा भाषेत, सारे पुन्हा लिहावयाचे असे आम्ही ठरविले.

आम्ही सध्या डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत विखुरलेल्या पाड्यांवरील कुटुंबांची सेवा करतो. तलासरीकडील एक वारली तरुण संगणकाचे शिक्षण घेत आहे. त्याला अभ्यासक्रमात जावा आहे, म्हणून आम्ही जावा निवडली. दुसरे कोणतेही उदात्त कारण नव्हते. शनिवारी संध्याकाळी तो येतो. वीज असली तर आम्ही संगणकापुढे बसतो, नसली तर कागदावर आकृत्या काढतो. मुंबईच्या आयआयटीने चालविलेल्या स्पोकन ट्युटोरियल या उपक्रमात जावाचे छोटे छोटे पाठ मराठी निवेदनात मिळतात आणि ते एकदा उतरवून घेतले की इंटरनेटवाचूनही चालतात. आमच्या भागात ही सोय केवढी मोलाची आहे हे मोबाईल हातात धरून टेकडीवर रेंज शोधणाऱ्यांना विचारावे.

जावा १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने जाहीर केली. जेम्स गॉसलिंग हे तिचे प्रमुख कर्ते. तिचे आधीचे नाव ओक. कचेरीबाहेरच्या ओकवृक्षावरून ठेवलेले. २०१० साली ती कंपनी ओरॅकलने घेतली. पण या भाषेमागचा विचार तिच्याहून बराच जुना आहे. नॉर्वेतील ओस्लो येथे ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन निगार्ड या दोघांनी १९६०च्या दशकात सिम्युला ही भाषा रचली. त्यांना संगणकावर खऱ्या जगाची प्रतिकृती चालवून पाहावयाची होती. आपल्या चारोटीच्या टोलनाक्यावर वाहनांची रांग लागते. ती का लागते आणि एक खिडकी वाढविल्यास किती कमी होईल, हे प्रत्यक्ष खिडकी न बांधता पाहावयाचे असेल तर काय कराल? प्रत्येक वाहन, प्रत्येक खिडकी ही एक स्वतंत्र चीज मानावयाची. तिच्याजवळ तिची माहिती असेल आणि तिला आपापले काम ठाऊक असेल. सिम्युला ६७मध्ये आजचे क्लास, ऑब्जेक्ट आणि वारसा हे सारे आले. पुढे १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात ॲलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मॉलटॉक रचली. के यांचे शिक्षण जीवशास्त्राचेही होते. शरीरातील पेशी जशा एकमेकींच्या पोटात हात न घालता संदेशांनी काम करतात, तसे प्रोग्रॅमचे भाग असावेत असे त्यांचे चित्र होते.

क्लास आणि ऑब्जेक्ट यांतील फरक पाठ्यपुस्तके कुत्रा, मांजर आणि मोटारगाडी यांच्या साहाय्याने शिकवितात. आमच्या तरुणाने परीक्षेसाठी ती उदाहरणे मुखोद्गत केली होती आणि त्यांचा काही उपयोग झाला नव्हता. चिंचणी-डहाणूच्या पट्ट्यात सोन्याच्या दागिन्यांचे डाय घडविणारे कारागीर आहेत. पोलादाच्या ठोकळ्यावर नक्षी उलटी कोरावयाची, मग त्यावर पत्रा ठोकून दागिन्याचा आकार उठवावयाचा. डाय म्हणजे क्लास, उठविलेला दागिना म्हणजे ऑब्जेक्ट, एवढे म्हणताच तो हसला. डाय कोणी गळ्यात घालीत नाही आणि दागिना कितीही मोडला तरी डाय शाबूत राहतो. दृष्टान्त एका ठिकाणी तोकडा पडतो. दागिना एकदा उठला की तसाच राहतो. ऑब्जेक्टची अवस्था मात्र पुढे बदलत जाते. तरी पहिले पाऊल पडले.

मराठी प्रतिशब्दांचीही एक गंमत आहे. ऑब्जेक्टला 'वस्तू' म्हणावे तर आमच्या नोंदीतले सारे ऑब्जेक्ट जितीजागती माणसे! वैशेषिक दर्शनातील 'पदार्थ' हा शब्द अर्थाने बराच जवळचा, पण पदार्थ म्हटले की स्वयंपाकघरातील मावशींना जेवणाची वेळ झालीसे वाटते. आम्ही ऑब्जेक्टच म्हणतो.

आता आमच्या जुन्या रीतीविषयी. ती कृतीची रीत होती. फाईल उघड, नोंद शोध, बदल कर, मिटव. माहिती एका बाजूला आणि तिच्यावर काम करणाऱ्या कृती दुसऱ्या बाजूला. कोणतीही कृती कोणत्याही नोंदीला हात लावू शके. जावातही असे लिहिता येते. जावात बहुतेक सारे क्लासच्या चौकटीत लिहावे लागते. अगदी 'नमस्कार' छापावयाचा तरी क्लास हवा, ही सक्ती २०२५च्या २५व्या आवृत्तीत सैल झाली आहे. पण एक भलामोठा क्लास करून त्यात सर्व जुन्या कृती ओतल्या तर भाषा तक्रार करीत नाही. नवी रीत नेमके काय देते ते पाहण्यासाठी आम्ही मुद्दाम आधी तसेच लिहून पाहिले. प्रोग्रॅम चालला. जावाच्या पेहरावात तो फॉक्सप्रोच होता.

येथे आम्हांला फादर थॉमस स्टीफन्स आठवतात. मूळचा इंग्लंडचा आणि १५७९ साली गोव्यास आलेला हा येशूसंघीय लॅटिनमध्ये मुरलेला होता. त्यांनी कोकणीचे जे व्याकरण पोर्तुगीजमध्ये लिहिले, ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूर येथे छापले गेले. त्याची मांडणी लॅटिन व्याकरणाच्या साच्यावर आहे. अनुभवी शिकाऊ हेच करतो. हाती असलेल्या साच्यात नवी भाषा भरतो. पण त्याच माणसाचे ख्रिस्तपुराण, १६१६ साली प्रथम छापलेले, ओवीच्या चालीने चालते. तेथे साचा मराठीचा आहे. व्याकरण लॅटिनच्या चौकटीत बसविणारा आणि ओवीत रमणारा माणूस एकच, ही गोष्ट आम्हांला या वर्षभरात पुष्कळ धीर देऊन गेली.

आमची ओवी आम्हांला सापडली ती कागदी नोंदवहीत. लग्नाच्या आणि स्नानसंस्काराच्या नोंदवह्या ठेवण्याचा नियम ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली घातला. आजच्या धर्मसभेच्या कायद्यातील ५३५व्या कलमाप्रमाणे स्नानसंस्काराच्या नोंदीच्या समासात त्या माणसाचे दृढीकरण, विवाह, दत्तकविधान, गुरुदीक्षा, कायमची व्रते हे सारे लिहावे लागते. म्हणजे माणसाच्या आयुष्यात जे जे घडेल ते त्याच्या एकाच नोंदीपाशी येऊन थांबते. लग्न दुसऱ्या धर्मग्रामात लागले तर तेथील धर्मगुरूने स्नानसंस्कार झालेल्या धर्मग्रामास कळवावयाचे, हे ११२२वे कलम. आमच्या भागात याला फार अर्थ आहे. भातकापणी संपली की कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. तरुण मुले उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत राहतात. मुलगी तलासरीची, लग्न सिल्वासाला, मूल भिवंडीच्या भट्टीवर. समासातली एक ओळ राहिली तर आधीच विवाहबद्ध असलेल्या माणसाच्या हाती अविवाहित असल्याचा दाखला पडू शकतो. त्यात फसगत होते ती बहुधा एखाद्या गरीब मुलीची.

फॉक्सप्रोत स्नानसंस्काराची फाईल वेगळी, विवाहाची वेगळी. लग्नाची नोंद होताच समासात टीप जावी हा नियम तीन ठिकाणी लिहिलेला होता: नव्या नोंदीच्या कृतीत, बाहेरून आलेल्या पत्राच्या कृतीत आणि दुरुस्तीच्या कृतीत. नियम बदलला की तिन्ही ठिकाणी हात फिरवावा लागे, आणि हे तीन ठिकाणचे भान एका माणसाच्या डोक्यात असे. नव्या रीतीत माणसाची माहिती त्याच्या ऑब्जेक्टच्या आत बंदिस्त असते. बाहेरून कोणी ती थेट बदलू शकत नाही. 'विवाह नोंदव' असा संदेश फक्त पाठविता येतो. स्नानसंस्काराची तारीख आधीची आहे ना, पहिला जोडीदार हयात नाही ना, हे तो ऑब्जेक्ट स्वतः तपासतो आणि मगच स्वतःत बदल करतो. समास माणसापाशीच राहतो. साडेचारशेहून अधिक वर्षांची नोंदवही जावाच्या अधिक जवळची निघाली.

संदेशाची ही कल्पना तरुणाला आमच्याआधी उमगली. तारपा वाजतो तेव्हा वादक मध्ये असतो आणि भोवती नाचणारे फेर धरतात. सूर बदलला की फेर दिशा बदलतो. वादक कोणाचे पाय धरून वळवीत नाही. पुढच्याने कसे वळावे आणि शेवटच्याने कसे, हे ज्याचे त्याला ठाऊक. "फादर, मग पॉलिमॉर्फिझम म्हणतात ते हेच ना? सूर एकच, पण प्रत्येकाचं पाऊल आपापलं?" असे त्याने विचारले. या शब्दाची व्याख्या त्याने दोन परीक्षांत लिहिली होती, गुणही मिळविले होते.

एक गोष्ट मात्र सोपी गेली नाही आणि तीच आमच्या मते या साऱ्या विद्येची कसोटी आहे. पुस्तके 'वारसा' मोठ्या कौतुकाने शिकवितात. 'माणूस' हा मूळ क्लास; त्यापासून 'बाप', 'धर्मपिता', 'धर्मशिक्षक' असे उपवर्ग काढा, म्हणजे माणसाचे सारे गुण त्यांना आपोआप मिळतील. आकृती सुंदर दिसते. आम्ही ती फळ्यावर काढली. तरुण बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "फादर, मूल झालं की माणूस बाप होतो. मग आधीचा माणूस मोडून नवा बाप बनवायचा का? आणि त्याच्या लग्नाची ओळ कुठं राहील?"

प्रश्न बिनतोड होता. जावात ऑब्जेक्ट ज्या क्लासचा म्हणून जन्माला येतो त्याच क्लासचा तो अखेरपर्यंत राहतो. 'माणूस'चा पुढे 'बाप' करता येत नाही. आणि आमच्या नोंदवहीत तर एकच माणूस एका पानावर मुलगा, दुसऱ्यावर नवरा, तिसऱ्यावर बाप, चौथ्यावर शेजाऱ्याच्या मुलाचा धर्मपिता असतो.

उत्तर आम्हांला सेमिनरीतल्या तत्त्वज्ञानाच्या वर्गाने दिले. ॲरिस्टॉटलने सांगितलेल्या दहा कोटींत पहिली कोटी द्रव्याची आणि पुढे एक कोटी संबंधाची आहे. माणूस हे द्रव्य. बाप असणे हा संबंध. तो एकट्याच्या ठायी राहू शकत नाही, त्याला दुसरे टोक लागते. गुरुजनांनी हे आमच्याकडून घोकून घेतले तेव्हा त्याचा उपयोग संगणकाला होईल असे त्यांच्याही स्वप्नी आले नसेल. मग 'बाप' हा माणसाचा उपवर्ग नव्हेच. तो दोन माणसांमधला धागा. आम्ही 'माणूस' हा एकच क्लास ठेवला आणि 'नाते' हा दुसरा केला: या टोकाला कोण, त्या टोकाला कोण, नाते कोणते, केव्हापासून. प्रोग्रॅमकारांच्या जगालाही हे कळून चुकलेले आहे. १९९४ साली गॅमा, हेल्म, जॉन्सन आणि व्हिलिसिडीस या चौघांनी 'डिझाइन पॅटर्न्स' हा जो गाजलेला ग्रंथ लिहिला, त्यात वारशापेक्षा जोडणीला पसंती द्या असे स्पष्ट सांगितले आहे. तरीही आमच्या तरुणाच्या हाती पडलेल्या पुस्तकांत कुत्रा अजून प्राण्यापासून वारशाने भुंकतच आहे.

दुसरी रेंगाळण्याजोगी जागा रिकाम्या रकान्याची. डॉसवरच्या फॉक्सप्रोत नाव नसले की रकान्यात नुसत्या मोकळ्या जागा असत, बस्स. जावात 'नल' म्हणजे येथे काहीच नाही, आणि त्या काहीच नसलेल्यास कोणी संदेश पाठविला की चालता प्रोग्रॅम कोलमडतो. टोनी होर या संगणकतज्ज्ञांनी १९६५ साली एका भाषेत ही सोय आणली. २००९ साली भर परिषदेत त्यांनीच तिला आपली अब्जावधी डॉलरची चूक म्हटले. आमच्या जुन्या वह्यांत बापाच्या नावाचा रकाना कित्येकदा रिकामा आहे. पण रिकामेपण एका जातीचे नाही. कोठे नाव ठाऊक नव्हते, कोठे लिहावयाचे राहिले, कोठे आईने सांगितले नाही आणि त्या वेळच्या धर्मगुरूने शहाणपणाने विचारले नाही. या तिन्हींना एकच 'नल' देणे आम्हांला पटेना. जावाच्या आठव्या आवृत्तीने, २०१४ साली, 'ऑप्शनल' नावाची एक डबी दिली आहे. आत काही असेल वा नसेल, उघडणाऱ्याने आधी पाहावे. आम्ही त्या डबीला जोडून कारणाचाही एक रकाना ठेवला. 'सांगितले नाही' हे कारण असेल तेथे दाखल्यावर काहीच छापले जात नाही, प्रश्नचिन्हसुद्धा नाही. या एका निर्णयावर आम्ही दोन शनिवार घालविले आणि ते कारणी लागले असे आमचे मत आहे.

नावांच्या बाबतीत नव्या भाषेने मोठे उपकार केले. जुन्या फायली रोमन लिपीत होत्या. तेथे ठ आणि थ यांना एकच रूप. धोडी कोणी एका तऱ्हेने लिहिले, कोणी दुसऱ्या. जावा पहिल्यापासून युनिकोडवर उभी आहे, म्हणून नावे देवनागरीत राहतात. एवढेच नव्हे, क्लासचे नावदेखील देवनागरीत देता येते. आमच्या प्रोग्रॅममध्ये खरोखरच 'माणूस' नावाचा क्लास आहे. भाषेचे स्वतःचे मोजके शब्द इंग्रजीच राहतात. पण ज्या मुलाने घरी वारली, शाळेत मराठी आणि महाविद्यालयात इंग्रजी अशा तीन पायऱ्या चढल्या, त्याला पडद्यावर 'माणूस' दिसणे ही लहान गोष्ट नव्हे. कंपन्यांत असे कोणी लिहीत नाही, नोकरीच्या मुलाखतीत हे सांगू नकोस, असा इशाराही आम्ही त्याला देऊन ठेवला आहे.

अनुभव मग अगदीच निरुपयोगी का? तसे नाही. नव्या यंत्रावर पहिल्या दिवशी दोन ठिकाणी प्रत ठेवावयाची, मूळ वहीशी ताडल्याखेरीज एकही नोंद पक्की करावयाची नाही, दुरुस्ती केली तर जुना मजकूर पुसावयाचा नाही, हे आम्ही त्याला शिकविले. हे कोणत्याही भाषेच्या पुस्तकात पहिल्या प्रकरणात नसते. त्याने आम्हांला जे शिकविले ते वर आलेच आहे.

सध्या मृत्यूच्या नोंदी चालू आहेत. ज्या ऑब्जेक्टकडे कोणाचाही धागा उरलेला नाही त्याला जावा स्मृतीतून आपोआप काढून टाकते, हे ऐकून तरुण थोडा चपापला. पण ती सफाई चालत्या स्मृतीपुरती असते, साठविलेल्या नोंदीला ती शिवत नाही. मृत्यू ही माणसाची एक अवस्था धरली आहे. नाती तशीच राहतात. दत्तक मुलाला दोन बाप कसे दाखवावयाचे, यावर अजून आमचे एकमत झालेले नाही. पावसाच्या तोंडावर भट्ट्यांवरून कुटुंबे परततील, तेव्हा पाड्यापाड्यांवर जाऊन प्रत्येक घराला त्याच्या नोंदी वाचून दाखवावयाच्या आहेत. त्यासाठी छापील याद्या काढण्याचा भाग त्याने एकट्याने लिहावयास घेतला आहे.